कवडीची टिक आणि कॉम्प्युटरची टिक

मावशीनं हेडफोन डोक्यावरून काढला, माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "लेकरा, माझ्या मागं कोण म्हणू लालंय रे?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. मावशी, संबळवाले काका आणि मी. रात्रीचे साडेबारा, महिना मे, आणि गाव परभणी. कूलर बंद, पंखाही बंद, कारण दोन्हींचा आवाज माइकात येतो. भिंतीवर आईच्या हातच्या दोन वाकळी टांगलेल्या. तिघंही घामानं निथळत होतो आणि मावशीला तिचाच आवाज पाठीमागून ऐकू येत होता. तिचा आवाज माइकातून कॉम्प्युटरमध्ये जाऊन हेडफोनात परत यायला उशीर लागत होता, एवढंच. पण गाणाऱ्याला ते 'एवढंच' पुरतं. स्वतःचा आवाज मागून यायला लागला की लय गेलीच. काकांनी काड्या खाली ठेवल्या, बिडी काढली आणि ओट्यावर जाऊन बसले.

नवं मशीन घ्यायचं का, घ्यायचं तर ॲपलचा मॅक का विंडोज, हा घोळ त्या रात्री सुरू झाला. २०२५चा मे होता तो. दिवाळीपर्यंत पुरला.

माझं वसमत रोडला मल्टिसर्व्हिसेसचं दुकान आहे. दिवसभर सातबारा, पीकविमा, फार्मर आयडी, निराधारच्या पगारीची केवायसी. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की कीबोर्ड. दहा-बारा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं, जयंतीला भीमगीतांच्या स्टेजवर वाजवलं, लग्नांत वाजवलं. मग डीजे आले आणि आमच्या तारखा कमी होत होत संपल्या. तेव्हापासून घरच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. कुणाची भजनं, कुणाचं वाढदिवसाचं गाणं, निवडणूक आली की उमेदवाराचं गाणं. त्यात पैसे मिळतात. मावशीच्या गाण्यांत मिळत नाहीत. मावशी येरमाळ्याकडची. येडेश्वरीची आणि तुळजाभवानीची आराधी गाणी तिला किती येतात याचा हिशेब तिलाच नाही. त्यातली निम्मी मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाहीत. नवरात्राच्या आधी वीस तरी गाणी करून ठेवायची असं ठरवलं होतं.

मशीन दुकानातलंच जुनं. इंटेल आय फाइव्ह, सहाव्या पिढीचा, आठ जीबी रॅम, विंडोज टेन. त्याला फोकसराइटचा स्कारलेट टूआयटू इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. रीपरवर मी कसा आलो तेही सांगतो, कारण पुढच्या निर्णयात त्याचा वाटा मोठा आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून कॉम्प्युटर 'भरून' घेतला होता. 'भरून' म्हणजे काय ते आपल्याकडं सगळ्यांना कळतं: हजारोंची सॉफ्टवेअरं, सगळी फुकट, सगळी क्रॅक केलेली. १३ एप्रिलच्या रात्री, जयंतीचं गाणं द्यायचं होतं तेव्हा, मशीन उघडलं तर प्रत्येक फाइलच्या नावापुढं भलतंच शेपूट लागलेलं आणि एक चिठ्ठी: पैसे द्या, फायली घ्या. चाळीसएक गाण्यांचे प्रोजेक्ट गेले. त्या दिवसापासून क्रॅकला हात लावायचा नाही असं ठरवलं. रीपर साठ दिवस तपासायला मिळतं आणि नंतर माझ्यासारख्या छोट्या माणसाला साठ डॉलरचं लायसन्स. तेवढं झेपलं.

आता तो उशीर.

कॉम्प्युटर आवाज थेट पुढं पाठवत नाही, साठवून साठवून पाठवतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. मावशीला मी कळशीवरून सांगितलं. टँकरवरून पाणी आणायचंय. कळशी लहान असली तर पाणी घरात लवकर पोचतं, पण खेपा सारख्या कराव्या लागतात, आणि एक खेप चुकली की रांजणात ठणठणाट. घागर मोठी घेतली तर खेपा कमी, पण भरेपर्यंत उभं राहा. कॉम्प्युटरची खेप चुकली की आवाजात 'टिक' ऐकू येते. माझा बफर ५१२वर होता. सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असलो तर ५१२ नमुने भरायला ११.६ मिलिसेकंद लागतात. आत जाताना तेवढे, बाहेर येताना तेवढे, वर इंटरफेसचे थोडे. मिळून पंचवीसच्या घरात. हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे मावशीला तिचा आवाज आठ मीटरवरून, मंडपाच्या पार त्या टोकाला बांधलेल्या कर्ण्यातून आल्यासारखा येत होता. "मागं कोण म्हणू लालंय" हे तिचं निदान अगदी बरोबर होतं.

बफर १२८वर आणला की तोच उशीर एका बाजूनं २.९ मिलिसेकंदावर येतो. पण १२८वर माझं मशीन ओल्या लाकडासारखं तडतडायचं. ५१२वरही मधूनच टिक यायचीच.

मावशीचा त्या रात्रीपुरता उपाय इंटरफेसच्याच तोंडावर होता. 'डायरेक्ट मॉनिटर' म्हणून बटण असतं. ते दाबलं की गाणाऱ्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला येतो, उशीर संपला. हे मला सुचलं तेव्हा दोन वाजले होते आणि काका सायकलवर घरी निघाले होते. शिवाय या बटणाचा उपयोग गाणाऱ्याला. मी कीबोर्डवर बोट ठेवणार आणि पेटीचा आवाज कॉम्प्युटरमधल्या लायब्ररीतून, म्हणजे वाद्याच्या साठवलेल्या आवाजांतून, येणार, तिथं हे बटण काही कामाचं नाही. तिथं बफर कमी करायलाच लागतो.

दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला विचारत सुटलो, आणि ज्यानं त्यानं स्वतःकडं जे होतं तेच घे म्हणून सांगितलं. ऑर्केस्ट्रातला जुना गिटारवाला, आता संभाजीनगरात स्टुडिओत बसतो, तो म्हणाला मॅक घे आणि गप्प बस. गल्लीतली डीजेची पोरं म्हणाली, काका, विंडोजच, एफएल स्टुडिओ टाका, ग्राफिक कार्ड मोठं घ्या. ग्राफिक कार्डाचा आणि मावशीच्या आवाजाचा संबंध मी विचारला नाही. कॉम्प्युटरच्या दुकानात म्हणाले रॅम वाढवा. वाढवली. आठाची सोळा झाली, टिक तशीच राहिली.

भाचा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. जूनमध्ये आला तो पेनड्राइव्ह घेऊनच. "मामा, आधी हे लावून बघू. काही इन्स्टॉल करायचं नाही, पेनड्राइव्हवरूनच चालतं." उबुंटू स्टुडिओ होतं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, तिची ही गाणीवाल्यांसाठी केलेली आवृत्ती. मला वाटलं, विंडोजला जमेना तिथं हे फुकटचं काय करणार. त्यानं इंटरफेस जोडला, ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची कॉम्प्युटरला ओळख करून देणारं सॉफ्टवेअर, वगैरे काही न टाकता ओळखला गेला. रीपरची लिनक्सची आवृत्ती आहेच, ती उतरवली, बफर १२८वर ठेवला आणि मला म्हणाला वाजवा. चार ट्रॅक एकावर एक चढवले. एक टिक नाही.

मी परत वाजवलं. नाही.

तेच मशीन, तीच रॅम, तोच इंटरफेस, तीच केबल. म्हणजे मशीन म्हातारं झालं म्हणून टिक येते हे मी महिनाभर धरून बसलो होतो ते खोटं होतं. लिनक्स काय ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं, पण हे कळल्याबरोबर माझे निदान तीस हजार वाचले असतील, कारण त्या आठवड्यात मी नवा प्रोसेसर घ्यायला निघालोच होतो.

मग विंडोजमध्ये खोड कुठंय ते शोधायला घेतलं. लेटन्सीमॉन नावाचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. ते चालू ठेवून दहा मिनिटं मशीन नुसतं बसू द्यायचं. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून धरतो ते ते दाखवतं. कॉम्प्युटर एकूण किती वेगवान आहे यावर गाण्याचं काम अडत नाही. तो दर तीन मिलिसेकंदाला, न चुकता, कळशी घेऊन हजर राहतो का यावर अडतं. एखादा फालतू ड्रायव्हर त्याला मधेच दाराशी गप्पा मारत उभा करतो आणि खेप चुकते. माझ्या पडद्यावर लाल पट्टी आली आणि नावं दिसली नेटवर्कची. मागं खोचलेला वायफायचा स्वस्तातला डोंगल. तो उपटला, पट्टी अर्ध्यावर आली. अंगठ्याच्या मशीनची सर्व्हिस पाठीमागं कायम चालू असायची, ती बंद केली. अँटिव्हायरसला रेकॉर्डिंगच्या फोल्डरपासून लांब ठेवलं. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर टाकला. १२८ नाही, पण २५६ निवांत चालायला लागलं. दुकानाचं मशीन रात्री गाण्याचं करायचं म्हणजे रोज एवढं सगळं बंद करा आणि सकाळी अंगठा लावायला माणूस यायच्या आत परत चालू करा. दोनदा विसरलो. एकदा तर म्हातारीला तासभर बसवून ठेवलं आणि मग आठवलं की सर्व्हिस बंद आहे.

एवढं करूनही मावशीच्या ट्रॅकवर टिक होतीच.

गंमत म्हणजे फक्त मावशीच्याच ट्रॅकवर. काकांच्या संबळाला नाही, झांजेला नाही, माझ्या पेटीला नाही. दोन रात्री मी हेडफोन लावून बसलो. शेवटी लाट पडद्यावर मोठी करून बघितली. कॉम्प्युटरची टिक मोठी करून बघितली की कात्रीनं कापल्यासारखी सरळ उभी रेघ दिसते, पुढंमागं काही नसतं. ही तशी नव्हती. हिला अंग होतं. टोकदार सुरुवात आणि मागं बारीक होत गेलेली शेपटी. कशावर तरी काहीतरी आपटल्यासारखी. आणि प्रत्येक वेळी वरच्या ओळीच्या तोंडाशी, मावशी श्वास घेते तिथं.

कवड्यांची माळ! वरची ओळ घेताना मावशी पुढं झुकते, माळ लोंबते आणि स्टँडच्या दांड्याला लागते.

आराध्याला माळ काढ म्हणायची सोय नाही. मी तसं बोललोही नाही. तिनंच ऐकलं, हसली, आणि माळ पदरात गुंडाळून कमरेला खोचली. "कामून सांगितलं न्हाईस आधी?" म्हणाली. आधी मलाच कुठं माहीत होतं?

नवरात्र २२ सप्टेंबरला बसणार होतं. त्याआधी चौदा गाणी झाली, जुन्याच मशीनवर, २५६वर, डायरेक्ट मॉनिटर दाबून. म्हणजे नवं काही घ्यायची गरजच नव्हती असं कुणी म्हणेल, आणि मीही तसं म्हणत होतो. दोन गोष्टी आडव्या आल्या.

एक म्हणजे विंडोज टेनची मुदत. १४ ऑक्टोबर २०२५नंतर अपडेट बंद. १४ ऑक्टोबर ही तारीख आमच्याकडं कुणाला लक्षात ठेवावी लागत नाही, पण पडद्यावर रोज चौकट यायला लागली. विंडोज इलेव्हनला इंटेलची आठवी पिढी लागते आणि माझी सहावी. दुकानाला नवं मशीन लागणारच होतं, कारण लोकांच्या आधारचं काम जुन्या विंडोजवर करणं बरं नव्हे. मग गाण्याचं कुठं करायचं? परत त्याच दुकानाच्या मशीनवर, परत अंगठ्याची सर्व्हिस बंद-चालू? बायको म्हणाली, एकदाचं वेगळं करा आणि मोकळे व्हा.

दुसरी म्हणजे वीज. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा पडला ते वेगळं सांगायला नको. रानं वाहून गेली, आणि नंतर आठवडे दुकानात अनुदानाच्या याद्या आणि केवायसीची रांग. लाइट दिवसातून दहा वेळा यायची-जायची. घरात इन्व्हर्टर आहे, पण लाइट गेली की इन्व्हर्टरवर जाईपर्यंतच्या त्या क्षणात डेस्कटॉप बंद पडून परत सुरू व्हायचा. एकदा टेक चालू असताना झालं. प्रोजेक्ट उघडेना. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधी मजकुराची असते आणि शेजारी तिची आधीची बॅकअप प्रत पडलेली असते, म्हणून वाचलो. नंतर इलेक्ट्रिशियननं दाखवलं की इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं. ते आमच्याकडं पहिल्या दिवसापासून चुकीच्या बाजूला होतं.

मग एका रविवारी तपोवननं संभाजीनगरला गेलो, गिटारवाल्याच्या स्टुडिओत. त्याच्याकडं दोन्ही आहेत, मॅकही आणि क्यूबेस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलेलं विंडोजही. दिवसभर बसलो. तिथं एक गोष्ट लक्षात आली आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. क्यूबेस करणारी स्टाइनबर्ग कंपनी हॅम्बुर्गची. विंडोजवर ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो एएसआयओ ड्रायव्हरचा प्रकारही त्यांचाच, प्लगइनचा, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरचा, व्हीएसटी प्रकारही त्यांचाच. एबलटन हे गाण्याचं सॉफ्टवेअर बर्लिनचं. आमच्या पेटीच्या लायब्ररीला लागणारं कॉन्टॅक्टही बर्लिनचं. ॲपलचं म्हणून मिरवणारं लॉजिक हे सॉफ्टवेअरसुद्धा मुळात एमॅजिक नावाच्या जर्मन कंपनीचं. २००२ साली ॲपलनं ती कंपनीच विकत घेतली आणि लॉजिकची विंडोजची आवृत्ती बंद करून टाकली. जगात जर्मनी, भारतात परभणी! लहानपणापासून म्हणत आलो, पण दोघांची गाठ अशी पडेल असं वाटलं नव्हतं. (एफएल स्टुडिओ तेवढं बेल्जियमचं. २०१८पर्यंत त्याची धड मॅकची आवृत्तीच नव्हती, म्हणून डीजेची पोरं विंडोजला चिकटून आहेत ते काही अडाणीपणानं नाही.)

गिटारवाल्यानं मॅकची बाजू चांगली मांडली. मॅकमध्ये आवाजाची यंत्रणा, कोअर ऑडिओ, सिस्टीमच्या पोटातच आहे. इंटरफेस लावला की चालला. विंडोजवर प्रत्येक इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर लागतो, आणि तो चांगला आहे का भिकार हे त्या त्या कंपनीच्या हातात. शिवाय मॅकवर दोन इंटरफेस एकत्र बांधून एकच असल्यासारखे वापरता येतात. एएसआयओत एका वेळी एकच ड्रायव्हर. माझ्याकडं टूआयटूला दोनच माइक लागतात आणि संबळ, झांज, तुणतुणं, मावशी अशी चार तोंडं, तेव्हा हे मला फार पटलं.

पण मला खरं पटलं ते वेगळंच. त्याच्या मॅक मिनीजवळ, म्हणजे ॲपलच्या छोट्या डब्याजवळ, कान नेला. काही ऐकू आलं नाही. शेजारच्या विंडोजच्या डब्याचा पंखा मात्र पीठगिरणीसारखा. त्याच्याकडं काचेची भिंत आहे, मशीन एकीकडं आणि गाणारा दुसरीकडं. माझ्याकडं एकच खोली आहे. कॉम्प्युटर, मावशी, संबळ आणि मी, सगळे दहा बाय बारात. मे महिन्यात आम्ही कूलर बंद करून घाम गाळतो आणि कॉम्प्युटरचा पंखा मात्र त्रेचाळीस डिग्रीत जोरजोरात फिरत राहतो. माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगच्या तळाशी जी खरखर आहे ती त्याचीच. आणि वीज? एमफोर चिपचा मॅक मिनी रिकामा असला तर पाच वॅटच्या आसपास खातो. कामाला लागला तरी मॉनिटर-इंटरफेस धरून माझ्या इन्व्हर्टरवर रात्र काढेल.

लॅपटॉप का नाही, असं सगळे विचारतात. विंडोजचा लॅपटॉप पन्नास हजारात आला असता, बॅटरी आतच. पण त्या किमतीतला लॅपटॉप उन्हाळ्यात तापला की पंखा ओरडतो नाहीतर वेग पडतो, आणि चार्जर लावला की काही लॅपटॉपांत गुणगुण येते. भाच्याच्या लॅपटॉपवर मी ती ऐकली आहे. मॅकबुक परवडत नव्हतं.

लिनक्स माझ्या मनात शेवटपर्यंत होतं. जुन्या मशीनवर फुकटात १२८ चालवून दाखवणारं तेच एक. पण पेटी आणि इतर वाद्यांच्या माझ्या विकतच्या लायब्ऱ्या कॉन्टॅक्टवर चालतात आणि कॉन्टॅक्ट लिनक्सवर सरळ चालत नाही. आडवाटेनं चालवता येतं, भाचा चालवतो. पण रात्री अकरा वाजता काही अडलं आणि भाच्याची परीक्षा असली तर मी कुणाला उठवू? विंडोजचं अडलं तर गल्लीत दहा जण आहेत. मॅकचं अडलं तर, खरं सांगायचं तर, परभणीत मला त्यातलं कुणी सापडलं नाही, संभाजीनगरच गाठावं लागणार. ही मॅकची मला सगळ्यात मोठी उणी बाजू वाटली, आणि अजूनही वाटते. वर रॅम नंतर वाढवता येत नाही. घेताना घेतली तेवढीच. साध्या एमफोर मिनीत सोळा जीबी येते म्हणून धीर केला. आठ असती तर केला नसता.

दिवाळीच्या आधी मॅक मिनी घेतला. एमफोर बाजारात आला तेव्हा साध्या मॉडेलची छापील किंमत ५९,९०० होती. सणाची सूट धरून थोडा कमी पडला. साठवायला २५६ जीबीचाच. ५१२साठी वीस हजार जास्त, त्यापेक्षा बाहेरून एसएसडी लावलेली बरी. खोक्यातून काढला तेव्हा आई म्हणाली, एवढ्याला साठ हजार? अर्धा किलो पेढ्याचा डबा दिसतो तो. चालू करायचं बटण त्याच्या बुडाखाली आहे. ज्यानं ते तिथं ठेवलं त्याला एकदा भेटायचंय.

पहिला आठवडा नुसता अडचणींचा. मिनीला जुन्या पद्धतीचं चपटं यूएसबी भोकच नाही, सगळी टाइप-सी. माझा कीबोर्ड, पेनड्राइव्ह, इंटरफेसची केबल, सगळं जुन्या पद्धतीचं. हब आणला. मग जुनी हार्डडिस्क लावली तर गाणी दिसतात, वाजतात, पण काही साठवता येईना. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅक वाचतो, लिहीत नाही. सगळं एकदा दुकानाच्या मशीनवर उतरवून डिस्क दोन्हीकडं चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून परत भरली. दोन रात्री गेल्या.

आणि तानपुरा. माझ्याकडं एक जुना फुकटचा तानपुऱ्याचा प्लगइन होता, जुन्या बत्तीस बिट पद्धतीचा, फक्त विंडोजचा. त्याचा करणारा कधीच गायब झालेला. विंडोजवर असली जुनी खोडं वर्षानुवर्षं चालत राहतात. मॅकनं २०१९मध्ये बत्तीस बिटवाल्यांना दार लावून घेतलं, आणि हा तर मुळातच मॅकचा नव्हता. तसा आवाज मला दुसरीकडं मिळाला नाही. शेवटी जुन्या मशीनवर बसून बाराही पट्ट्यांत, पाच काळ्या सात पांढऱ्या, दहा-दहा मिनिटांचा तानपुरा रेकॉर्ड करून घेतला. तो आता साध्या ऑडिओ फायलींत आहे, कुठल्याही मशीनवर वाजतो. मावशीची पट्टी मात्र काळी चार आणि पांढरी सहाच्या मधे कुठंतरी पडते, तिथं फाइल थोडी ताणून घ्यावी लागते.

सॉफ्टवेअर बदललं नाही. लॉजिक नव्वद दिवस तपासायला मिळालं, तेवढे दिवस मन लावून वापरलं. छान आहे. ताल न लावता गायलेल्या गाण्याची लय ते आपलीआपण ओळखायचा प्रयत्न करतं, आणि काकांच्या संबळावर ते कधी बरोबर यायचं, कधी निम्म्याच वेगात मोजायचं. काका क्लिक, म्हणजे कानात एकसारखा ठोका, लावून वाजवत नाहीत. त्यांचं म्हणणं, देवीचं गाणं शेवटाकडं पळतंच, त्याला दोरी कशाला बांधायची? पण लॉजिकचा प्रोजेक्ट फक्त मॅकवर उघडतो. माझी फाइल भाच्याच्या लिनक्सवर, दुकानाच्या विंडोजवर आणि या डब्यावर उघडली पाहिजे. एकदा चाळीस प्रोजेक्ट घालवलेला माणूस आहे मी. रीपर तिन्हीकडं चालतं. तिथंच राहिलो.

मार्गशीर्षात मावशी परत आली. थंडी होती, कूलरचा प्रश्न नव्हता. बफर १२८वर, माळ कमरेला, काका काड्या घेऊन बसलेले. येडाईचं एक लांबलचक गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला लाइट गेली. खोलीत काळोख, फक्त मॉनिटरचा उजेड आणि त्यावर हिरव्या पट्ट्या वरखाली होत होत्या. मावशीनं डोळे मिटलेलेच होते, तिला कळलंही नाही. काकांनी माझ्याकडं बघितलं, मी हातानं 'चालू द्या' केलं. सात मिनिटं गायली.

गाणं चांगलं झालंय. पण दुसऱ्या कडव्यापासून खाली बारीक 'घूं' आहे. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा, त्याची गुणगुण तारेतून आत शिरली. आता साइन वेव्हचा इन्व्हर्टर बघतोय. परवा मावशीला ऐकवलं तर म्हणाली, "हे मागं कोण घुमू लालंय रे?"